गझल आली, इराण मागेच राहिला

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून गझल लिहिणारे किती असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. आमच्या स्टाफरूममध्येच तीन जण आहेत. त्यांतले एक प्राणिशास्त्राचे आहेत आणि तिघांत वृत्ताला तेच अधिक पक्के आहेत. कोजागिरीचा कार्यक्रम असो, गणेशोत्सव असो की एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार असो, मुशायरा ठरलेलाच. याचे श्रेय अर्थातच सुरेश भटांचे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या या कवीने 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) या संग्रहांनी मराठी गझलेला जो रस्ता आखून दिला, तोच आज हमरस्ता झाला आहे. त्यांची 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका आमच्या भागात कित्येकांनी झेरॉक्स काढून वाचली आणि कित्येकांनी ती पाठच केली. भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. तेव्हा गझल ही आम्ही वऱ्हाडी लोक घरचीच गोष्ट समजतो, यात नवल नाही.

माझे दुखणे वेगळे आहे. या साऱ्या व्यवहारात एक वाक्य वारंवार ऐकू येते आणि ते मी स्वतःही अनेकदा उच्चारलेले आहे : 'फारसीत असं चालत नाही.' अलामत चुकली, फारसीत असं चालत नाही. शेर सुटा नाही, फारसीत असं चालत नाही. वृत्त यादीत बसत नाही, फारसीत असं चालत नाही. हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी एकालाही फारसीचे एक पान वाचता येत नाही, ही गोष्ट आपण कधी मोठ्याने बोलत नाही. मलाही वाचता येत नाही. मी मराठीचा एम. ए. आहे, माधव ज्यूलियन मला अभ्यासाला होते आणि आता मी ते शिकवतो. त्यांच्या 'फारसी-मराठी कोशा'चे साल, १९२५, मी मुलांना तोंडपाठ सांगतो. कोश मात्र ग्रंथालयातल्या कपाटात असतो.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने मला एक रचना दाखवली. दर्यापूरकडची मुलगी, बोलायला भिडस्त, लिहायला नाही. तिने गझल म्हणून जे लिहिले होते त्यात एस. टी. स्टँडवर बसलेल्या दोन बायकांचे बोलणे होते. एक माहेरी चाललेली, दुसरी माहेराहून परतलेली. काफिया होता, रदीफ होता, लयही कानाला जाणवत होती. पण ती लय कोणत्याच नावाच्या वृत्ताची नव्हती. शेर एकातून एक निघत होते, सुटे नव्हते. आणि भाषा सगळी वऱ्हाडी : 'काहून', 'कवा', 'बाप्पा'. मी लाल पेनाने लगावली मांडली, तीन दोष दाखवले आणि वही परत केली. परत करताना ते वाक्य म्हणालो. तिने वाद घातला नाही. आमच्याकडच्या मुली सरांशी वाद घालत नाहीत, हा गुण आहे असे आम्ही समजतो.

पुढे कधीतरी इंग्रजी भाषांतरांतून सीमीन बहबहानी वाचनात आल्या आणि त्या लाल पेनाची मला लाज वाटू लागली. त्यांच्याकडे येतोच, पण आधी आपण ज्या फारसीच्या नावाने निकाल देतो ती फारसी कोणत्या काळातली, हे पाहिले पाहिजे.

वऱ्हाडाला फारसी परकी नव्हती. अचलपूरची इमादशाही, मोगलांचा वऱ्हाड सुभा, मग निजाम. १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत कारभाराच्या वरच्या थराची भाषा फारसीच होती. आकोटजवळच्या नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा आहे. फतेउल्ला इमाद-उल-मुल्काने तो १४८७ साली बांधला, त्यावर सुंदर वळणाचा लेख कोरलेला आहे. दरवर्षी सहल नेतो, मुले त्या लेखाखाली उभी राहून फोटो काढतात. एवढाच त्या लिपीशी आमचा संबंध. मराठीत फारसीचा अभ्यास पुढे टिकला तो इतिहाससंशोधकांमुळे. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्यांनी फारसी साधने मराठीत आणली, हे त्यांचे उपकारच. पण त्यामुळे फारसी म्हणजे बखर, फर्मान, अखबार, लढाईची तारीख असे आपल्या मनाने घेतले. त्या भाषेत विसाव्या शतकात कविता लिहिली गेली, तिच्यावरून भांडणे झाली, कवी तुरुंगात गेले, हे आपल्या गावीही नाही.

साहित्याकडून फारसीकडे गेलेला मोठा माणूस एकच, माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म १८९४, बडोदे. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवली, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी १९२९ साली मूळ फारसीवरून आणल्या आणि १९३१ साली फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' केली. एकाच कवीची दोन भाषांतरे, एक मुळावरून, एक आरशावरून, आणि दोन्ही वेगळी छापण्याचा प्रामाणिकपणा! 'गज्जलांजलि' १९३३ची. फारसी वृत्ते मराठीच्या लघुगुरूंत कशी बसतात याचा जो हिशेब त्यांनी 'छंदोरचने'त मांडला, त्यावर आजचा प्रत्येक मराठी गझलकार उभा आहे, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

हा हिशेब किती जवळचा आहे याचे एक उदाहरण मी वर्गात देतो आणि मुलांना ते दर वेळी आवडते. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत : लगागा चार वेळा. फिर्दौसीचा अख्खा 'शाहनामा' ज्या वृत्तात आहे ते असे : लगागा तीन वेळा आणि शेवटी लगा. म्हणजे ओळीच्या टोकाचा एक गुरू कमी, एवढाच फरक. रुस्तुम-सोहराबाची कथा इराणी निवेदक ज्या ठेक्यात सांगतो, तो ठेका आपल्या घरात तिन्हीसांजेला म्हटला जात असे. दोघांनी एकमेकांकडून उचलले असे मला म्हणायचे नाही. कान सारखे आहेत, एवढेच.

आता तारखा शेजारी मांडून पाहा. माधवराव पुण्यात फारसी शिकवत होते त्याच काळात, १९२२ साली, माझंदरान प्रांतातल्या यूश नावाच्या डोंगराळ गावात वाढलेल्या अली इस्फंदियारी या तरुणाने 'अफसाने' ही दीर्घ कविता लिहिली. तोच नीमा यूशीज. जुन्या काव्याच्या चौकटीला तिथे पहिला तडा गेला. १९३८ सालच्या फिनिक्स पक्ष्यावरच्या कवितेपासून तर त्याने ओळींची समान लांबीच सोडून दिली. गण तोच ठेवायचा, पण तो एका ओळीत चार वेळा येईल, दुसरीत दोन वेळा, तिसरीत एकदाच. ओळ किती लांब असावी हे अर्थाने ठरवायचे. तेहरानच्या पंडितांनी त्याची टवाळी केली. १९६० साली तो वारला तेव्हा मात्र फारसी कवितेचा प्रवाह त्याच्या वाटेने वळलेला होता. त्याच्या मागून आलेल्या अहमद शामलूने (१९२५-२०००) उरलासुरला गणही टाकला आणि ओळ केवळ बोलण्याच्या लयीवर उभी केली.

म्हणजे आपण ज्या वर्षांत फारसीची वृत्ते मोठ्या कष्टाने मराठीत आणत होतो, नेमक्या त्याच वर्षांत फारसी ती वृत्ते मोडून पाहत होती. यात माधवरावांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. १९२२ साली तेहरानात काय चालले आहे हे पुण्यात कळणार कसे? दोष आपला, ज्यांना नंतरची शंभर वर्षे मिळाली.

आणि ज्याला आपण 'शेर' म्हणतो त्याला आजचा इराणी माणूस 'बैत' म्हणतो. 'शेर' म्हणजे त्याच्या लेखी कविता, सगळी कविता. नीमाच्या संप्रदायाला 'शेर-ए-नौ' म्हणतात, आणि त्यातला 'नौ' म्हणजे आपला 'नव'च. तेव्हा 'नवा शेर' हे शब्द उच्चारले की अमरावतीत दोन ओळी डोळ्यांसमोर येतात आणि तेहरानात एक आख्खी चळवळ.

इथे एक वऱ्हाडी नाव घेतले पाहिजे. नीमाच्या कामाला मराठीत समांतर असे काम कुणी केले असेल, तर ते कवी अनिलांनी. आत्माराम रावजी देशपांडे, जन्म १९०१, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. 'फुलवात' १९३२ची, आणि 'भग्नमूर्ती' हे मुक्तछंदातले दीर्घकाव्य १९४०चे. ओळ लहानमोठी, पण आत लय धरलेली. म्हणजे तेहरान आणि वऱ्हाड दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकाच निष्कर्षावर आले होते, एकमेकांचे नावही न ऐकता. (मूर्तिजापूर या नावात मूर्ती शोधणारे शोधोत, ते 'मुर्तजा'वरून आले आहे आणि मुर्तजा ही हजरत अलींची उपाधी. मुक्तछंदाचा आपला प्रवर्तक असा शियापंथीय उपाधीच्या गावात जन्मला, हा योगायोग मला आवडतो. त्याहून जास्त त्यात काही नाही.) पण आमच्याकडे अनिल एका पेपरात आणि भट दुसऱ्या पेपरात. गझलवाले मुक्तछंदाला आळशांचे काम म्हणतात, मुक्तछंदवाले गझलेला टाळ्यांचे. दोन्ही बाजूंनी इराणची साक्ष काढावी आणि इराणने दोघांनाही खोटे पाडावे, अशी ही स्थिती आहे.

भाषाशुद्धीचेही तसेच. सावरकरांनी १९२४ पासून मराठीतून फारसी-अरबी शब्द काढून टाकण्याचा आग्रह धरला. 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला, 'मेयर' जाऊन 'महापौर' आला. माधव ज्यूलियनही, ज्यांनी स्वतः फारसी-मराठी कोश केला ते माधव ज्यूलियन, या बाजूला वळले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. १९३५ साली तेहरानात रझाशहाच्या राजवटीत 'फरहंगिस्तान' स्थापन झाले, ते फारसीतून अरबी शब्द काढून टाकण्यासाठी. नगरपालिकेचा अरबी शब्द जाऊन 'शहरदारी' आला, रुग्णालय 'बीमारिस्तान' झाले, न्यायालय 'दादगाह' झाले. आपण ज्यांना फारसी म्हणून हाकलत होतो ते तारीख, वकील, अर्ज, हुकूम, महसूल, जिल्हा हे मुळात अरबी. तिथेही त्यांच्याकडे उपरे म्हणूनच पाहिले जात होते. आणि 'शहरदारी'तला जो 'शहर' तिकडे अस्सल देशी म्हणून मिरवत होता, तो मुळात आपल्या 'क्षत्र' शब्दाचा सख्खा भाऊ. शुद्धीच्या या दोन कार्यालयांनी एकमेकांशी पत्रव्यवहार केला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती. 'तारीख' मात्र दोन्हीकडे टिकली. कोर्टात आजही तारीखच पडते.

हे सारे दूर कुठे घडत होते असेही नाही. १९३३ साली पहिला फारसी बोलपट 'दुख्तर-ए-लूर' पडद्यावर आला तो मुंबईच्या इंपीरियल कंपनीचा. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, पुण्यात जन्मलेले, 'आलम आरा'चे कर्ते. कथा लिहिणारा आणि नायकाचे काम करणारा अब्दुल हुसेन सिपंता इराणातून आलेला. इराणी प्रेक्षकाने पडद्यावर आपली भाषा पहिल्यांदा ऐकली ती मुंबईत मुद्रित झालेली. आणि १९३६ साली सादिक हिदायत मुंबईत आला. आधुनिक फारसी कथात्म गद्याचा हा सर्वांत मोठा लेखक. पारशी पंडित बहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे तो पहलवी शिकला आणि 'बूफ-ए-कूर', म्हणजे 'आंधळे घुबड', ही आपली कादंबरी त्याने मुंबईतच हाताने लिहून चक्रमुद्रित केली. प्रती सुमारे पन्नास. त्यावर सूचना अशी की इराणात विक्रीस मनाई. जगातल्या कितीतरी भाषांत गेलेली ही कादंबरी पहिल्यांदा जन्मली ती आपल्या मुंबईत. त्याच वर्षी जळगावला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष कोण? माधव त्र्यंबक पटवर्धन. मराठीतला सर्वांत मोठा फारसीज्ञ कवी आणि फारसीतला सर्वांत मोठा कादंबरीकार एकाच वर्षी एकाच मुंबई इलाख्यात होते. दोघांनीही खय्यामवर काम केलेले. हिदायतचे खय्यामच्या रुबायांचे संपादन १९३४चे. साहित्याच्या इतिहासात न घडलेल्या भेटींना जागा नसते, नाहीतर मी हीच भेट पहिली घातली असती.

आता सीमीन बहबहानी. जन्म १९२७, तेहरान, मृत्यू २०१४. नीमा आणि शामलूनंतर गझल संपली असे इराणातल्या नव्या कवींनी जवळजवळ जाहीर केलेले असताना ही बाई गझलच लिहीत राहिली. आपल्याकडचे गझलप्रेमी इथे टाळी देतील. पण पुढे ऐका. तिने गझलेचा काफिया ठेवला आणि वृत्त बदलले. शतकानुशतके चालत आलेली ठराविक वृत्ते तिला पुरेनात, तेव्हा तिने विस्मृतीत गेलेली कितीतरी अनवट वृत्ते वर काढली आणि कितीतरी नवी बांधली. बाजारातल्या बोलण्याच्या एखाद्या तुकड्यातून तिला लय सापडे आणि तोच तुकडा तिचा गण होई. प्रेयसी, साकी, बुलबुल यांच्या जागी तिच्या गझलेत भटकी जिप्सी बाई आली, आणि तिच्यावर एक-दोन नव्हे तर गझलांची मालिकाच झाली. एक गझल युद्धावरून परतलेल्या, एक पाय नसलेल्या तरुणावर आहे : दुमडलेली पँट, चेहऱ्यावरचा राग, पाहणाऱ्या बाईची आई म्हणून होणारी तगमग. ही गझल पहिल्या बैतापासून शेवटच्या बैतापर्यंत एकच गोष्ट सांगते. शेर सुटे नाहीत. आणि तिच्या गझलेत माणसे एकमेकांशी चक्क बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तरे देतात.

नवे वृत्त, सलग शेर, बोलण्याची भाषा. माझ्या लाल पेनाने दाखवलेले तीन दोष ते हेच.

बहबहानींना इराणात लोक 'गझलेची नीमा' म्हणत. २०१० सालच्या मार्चमध्ये त्या महिलादिनाच्या कार्यक्रमासाठी पॅरिसला निघाल्या असताना विमानतळावर त्यांचे पारपत्र काढून घेतले गेले. तेव्हा त्यांचे वय ८२, दृष्टी जवळजवळ गेलेली. स्त्रियांच्या समान हक्कांसाठी दहा लाख सह्यांची जी मोहीम २००६ साली तिथे सुरू झाली, तिच्या बाजूने त्या उभ्या होत्या. २०२२ साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणी मुली रस्त्यावर आल्या, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींना ती बातमी आकाशातून पडल्यासारखी वाटली. त्यांना वाटणारच. त्या मुलींच्या मागे बहबहानी आहेत, फरूग फर्रुखजाद आहे, 'सवूशून' ही कादंबरी १९६९ साली लिहिणाऱ्या सीमीन दानिशवर आहेत, हे त्यांना सांगायचे काम आमचे होते आणि आम्ही त्या तासाला खय्यामचा प्याला शिकवत होतो.

फरूगविषयी थोडे थांबून लिहितो, कारण तिचा आमच्या गावाशी एक धागा मला दिसतो. अमरावतीला तपोवन आहे. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी (हेही पटवर्धनच) कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभारली. आमच्या लहानपणी त्या बाजूला जायचे म्हटले की मोठी माणसे आवाज खाली आणून बोलत. फरूग ही १९३४ साली जन्मलेली आणि १९६७ साली, बत्तिसाव्या वर्षी, मोटार-अपघातात गेलेली कवयित्री. 'असीर', 'दीवार', 'इसियान' म्हणजे बंदिनी, भिंत, बंड, हे तिचे पहिले तीन संग्रह १९५५ ते १९५८ या तीन-चार वर्षांतले. आणि १९६४चा 'तवल्लुदी दीगर', म्हणजे दुसरा जन्म, हा तिचा खरा मोठा संग्रह. स्त्रीने स्वतःच्या इच्छेविषयी प्रथमपुरुषी बोलावे याची किंमत तिने चुकवली. घटस्फोटानंतर मुलगा तिच्यापासून तोडला गेला. १९६२ साली ती तब्रीझजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेली, बारा दिवस राहिली आणि वीस-बावीस मिनिटांचा एक माहितीपट करून परतली. नाव : 'घर काळे आहे'. परतताना तिथल्या एका मुलालाही तिने आपले म्हणून सोबत आणले.

हा माहितीपट मी वर्गात दाखवला. कॅमेरा चेहऱ्यांवरून वळत नाही, रेंगाळतही नाही. जेवण, खेळ, लग्न, शाळा. शाळेत गुरुजी मुलांना साधे भाषेचे प्रश्न विचारतात आणि उत्तरे अशी येतात की व्याकरणाचा तास पुन्हा कधी पूर्वीसारखा घेता येणार नाही. मागे फरूगचा आवाज, धर्मग्रंथांतली वचने आणि तिची स्वतःची कविता यांचे मिश्रण. संपल्यावर वर्गात कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझी आजी तपोवनातली होती." दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता आणि हे मला ठाऊक नव्हते. आमच्या कवयित्रींवरचा पेपर तो इंदिरा संतांपासून अमरावतीच्याच प्रभा गणोरकरांपर्यंत चांगला लिहीत असे. पण त्या दिवशी त्याने पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडले, तेही एका अशा कवयित्रीमुळे जिची भाषा त्याला वा मला एक अक्षर कळत नाही.

यावर काय म्हटले जाईल हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या स्टाफरूममध्ये ते म्हटले गेले आहे. प्राणिशास्त्राच्या सरांचे म्हणणे असे : भटसाहेबांनी शिस्त लावली नसती तर मराठीत गझल झालीच नसती, गज्जल नावाची दोन-दोन ओळींची गाणी तेवढी होत राहिली असती. हे मला मान्य आहे. माधव ज्यूलियनांच्या गज्जलेत आणि भटांच्या गझलेत जे अंतर आहे ते शिस्तीचेच आहे, आणि नव्या पोरांच्या वह्या तपासून, पत्रे लिहून भटांनी जे केले ते एखाद्या विद्यापीठालाही जमले नसते. त्यांचा दुसरा मुद्दा असा की आपली गझल इराणातून नव्हे, उर्दूमार्गे आली, तेव्हा तेहरानात काय झाले याच्याशी आपले देणेघेणे काय? हाही मुद्दा बिनतोड आहे. फक्त मग 'फारसीत असं चालत नाही' हे वाक्य सोडावे लागेल. 'उर्दूत चालत नाही' म्हणावे. पण तसेही म्हणता येणार नाही, कारण सलग अर्थाच्या गझलेला उर्दूत 'मुसलसल गझल' असे रीतसर नाव आहे. राहते एकच वाक्य : 'आम्हाला असं चालत नाही.' ते म्हणायला कुणाची हरकत नाही. त्यावर निदान मुलगी विचारू तरी शकेल, का म्हणून?

ज्याने नियम घालून दिला त्याने तो पडक्या जागी भिंत म्हणून घातला होता. आम्ही मास्तर लोकांनी त्या भिंतीला इराणी पूर्वज चिकटवला, कारण दूरच्या पूर्वजाशी भांडता येत नाही. बोलीला अमुक चालत नाही, बाईच्या तोंडी तमुक शोभत नाही, एस. टी. स्टँड हा गझलेचा विषय नव्हे, हे सगळे आमचे स्वतःचे होते आणि आम्ही ते हाफिजच्या नावावर खपवले.

ताबुतांचेच बघा. मोहरमला आमच्याकडे अजून कित्येक खेड्यांत सवारी निघते, हिंदू घरांतले नवस असतात, पोरे अंगावर वाघाचे पट्टे रंगवून घेतात. इराणात 'ताझिया' म्हणजे करबलेचे नाटक, संवादांसहित, गद्यपद्यात. आपल्याकडे येईपर्यंत ताझिया म्हणजे बांबू-कागदाचा मनोरा झाला आणि त्यात वाघही शिरला. तिथल्या एखाद्या शास्त्रीबुवांना हे चालले नसते. गावाने कुणाला विचारले नाही. गावकऱ्यांनी जे केले ते गझलेच्या बाबतीत करायला आम्ही पदवीधर घाबरतो.

त्या विद्यार्थिनीला मध्यंतरी फोन केला. ती आता शिक्षिका आहे, आपल्याच तालुक्यात. बहबहानींविषयी सांगितले, वृत्तांचे सांगितले, माझे चुकले हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, ते तर मी कवाच सोडलं." वही आहे का, विचारले. आईकडे असेल म्हणाली, दिवाळीत गेल्यावर पाहते. दिवाळीला अजून तीन महिने आहेत. मी बहबहानींच्या पाच-सहा गझलांची इंग्रजी भाषांतरे काढून तिला पाठवली आहेत आणि ग्रंथालयाच्या कपाटातून 'फारसी-मराठी कोश' माझ्या नावावर घेतला आहे. अलिफपासून सुरुवात केली आहे. प्राणिशास्त्राचे सर रोज दुपारी दहा मिनिटे येऊन बसतात. अक्षरे त्यांना माझ्यापेक्षा लवकर लागतात.